आडनावच पेंटर झालेला माणूस : बाबूराव पेंटर



तुमच्या वर्गात वहीच्या मागच्या पानावर सतत अक्षरं रंगवत बसणारा एखादा मुलगा आहे का? माझ्या चौथीच्या वर्गात आहे. त्याचे वडील दुकानांच्या पाट्या रंगवतात. आपल्या नागपुरात सीताबर्डी, महाल, इतवारीच्या रस्त्यांवर एकेकाळी हाताने रंगवलेल्या पाट्याच दिसायच्या. आता जिथे तिथे फ्लेक्स आहेत. पालकसभेत ते सांगून गेले की याला चित्रांचा नाद लागू देऊ नका मॅडम, या धंद्यात आता काही उरलं नाही. मीही मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी त्या मुलाला वहीवरून रागावले. घरी आल्यावर मात्र मन लागेना. तेव्हा एका माणसाची आठवण झाली. आज त्यांच्याबद्दलच लिहिते आहे.

जन्म आणि बालपण

बाबूरावांचा जन्म ३ जून १८९० रोजी कोल्हापुरात झाला. नाव बाबूराव कृष्णराव मेस्त्री. घराणं कारागिरांचं. वडील सुतारकाम, कोरीवकाम, चित्रकाम असं सगळंच करत. बाबूराव कुठल्या कलाशाळेत गेले नाहीत. वडिलांच्या हाताकडे पाहत पाहतच त्यांचा हात तयार झाला. आपण याला अनुभवातून शिक्षण म्हणतो आणि त्यावर प्रशिक्षणं घेतो. त्यांच्या घरी ते रोजच चालू होतं.

नाटकांचे पडदे

तो काळ संगीत नाटकांचा. राजवाडा, जंगल, रस्ता, देऊळ, सगळं पडद्यावर रंगवलेलं असे. बाबूराव आणि त्यांच्या नात्यातले भाऊ आनंदराव हे दोघे मिळून हे पडदे रंगवू लागले. सपाट कापडावर खोली दाखवायची, लांबच्या प्रेक्षकालाही खांब खरा वाटला पाहिजे, हे सोपं काम नाही. दोघांचं नाव इतकं झालं की लोक त्यांना पेंटर म्हणूनच ओळखू लागले. मेस्त्री मागे पडलं आणि पेंटर हेच आडनाव झालं. विचार करा, धंद्याचं नाव लोकांनी आदराने आडनाव म्हणून दिलं!

घरी बनवलेला कॅमेरा

१९१३ मध्ये दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ आला आणि या दोघा भावांना सिनेमाने झपाटलं. पण कॅमेरा आणायचा कुठून? त्यांनी ठरवलं, आपणच बनवायचा. जुनं यंत्र मिळवून त्याचे भाग समजून घेणं, खटपट करणं सुरू झालं. हे काम अर्धवट असतानाच १९१६ मध्ये आनंदराव वारले. बाबूराव खचले असतील, पण थांबले नाहीत. विष्णुपंत दामले यांना सोबत घेऊन त्यांनी कॅमेरा पूर्ण केला. महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ हा मूकपट पडद्यावर आला.

आता यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट सांगते. ज्यांनी आयुष्यभर रंगीत पडदे रंगवले, त्यांनीच सिनेमातून रंगवलेले पडदे काढून टाकायला सुरुवात केली. खरी लांबी, रुंदी, उंची असलेले सेट त्यांनी उभारले. पडदा कुठे कमी पडतो, हे पडदा रंगवणाऱ्यालाच कळणार ना! चित्रीकरणाआधी ते प्रसंगांची आणि वेशभूषेची चित्रं स्वतः काढून ठेवत. चित्रपटाची जाहिरातही त्यांनी स्वतःच्या कुंचल्याने रंगवली. १९२४ च्या ‘कल्याण खजिना’चं त्यांचं पोस्टर हे भारतीय सिनेमाच्या टिकून राहिलेल्या सर्वांत जुन्या पोस्टरांपैकी मानलं जातं.

१९२५ मध्ये त्यांनी ‘सावकारी पाश’ काढला. देवादिकांच्या कथा चालत असताना त्यांनी कर्जात जमीन गमावलेला शेतकरी पडद्यावर आणला. आपल्या विदर्भातल्या माणसाला हा विषय समजावून सांगावा लागत नाही. त्या शेतकऱ्याचं काम तरुण व्ही. शांताराम यांनी केलं होतं.

गुरू म्हणून

शांताराम, दामले, फत्तेलाल ही मंडळी बाबूरावांच्या हाताखाली तयार झाली. १९२९ मध्ये ती बाहेर पडली आणि त्यांनी प्रभात फिल्म कंपनी काढली. पुढे दामले-फत्तेलाल यांच्या ‘संत तुकाराम’चा १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात गौरव झाला. इकडे बाबूरावांची कंपनी मात्र काही वर्षांतच बंद पडली. पण त्यांचा हात रिकामा राहिला नाही. चित्रं आणि शिल्पं यांत ते रमले, अधूनमधून बोलपटही केले. १६ जानेवारी १९५४ रोजी कोल्हापुरात त्यांचं निधन झालं.

आपण यातून काय घ्यायचं?

पालकांनो, बाबूरावांच्या डोळ्यांदेखत नाटकाचे पडदे मागे पडत गेले, मूकपट संपले, कंपनी बंद पडली. धंदे बदलले, पण डोळा आणि हात त्यांच्याजवळच राहिले. पाट्यांचं काम कमी झालंय हे खरंच आहे. त्या वडिलांची काळजी खोटी नाही, घर त्यांना चालवायचं आहे. पण अक्षराचं माप, दोन अक्षरांमधली जागा, दुरून काय दिसेल याचा अंदाज, हे शिकलेलं मूल पुढे काहीही करू शकतं.

मी त्या मुलाच्या वडिलांना वर्गात बोलावलं. त्यांनी दोरीला खडूची पूड लावली, फळ्यावर ताणून धरली आणि टिचकी मारली. सरळ शिरोरेषा उमटली! पोरं टाळ्या वाजवायला लागली. मग त्यांनी चौकटी पाडून छोटं अक्षर मोठं कसं करायचं ते दाखवलं. गणितातलं प्रमाण त्या दिवशी माझ्या वर्गाला जसं कळलं, तसं माझ्याकडून कधी कळलं नव्हतं. त्यांचा मुलगा पहिल्या बाकावर येऊन बसला होता. बाबांकडे पाहत होता.

तुमच्या शाळेच्या आसपासही असा कुणी कारागीर असेल. एकदा वर्गात बोलावून बघा. आणि वहीचं मागचं पान दिसलं तर, माझ्यासारखं रागावण्याआधी, नीट बघा.