वचनावर भिस्त

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. फीची तारीख जवळ आली की देव पुरवील असे आई म्हणते. मला तो हात टेकल्याचा प्रकार वाटे. पंडिता रमाबाईंचे चरित्र वाचले आणि माझा समज बदलला.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. १८७४ च्या सुमारास दुष्काळात आईवडील गेले, १८८२ मध्ये पती. १८८३ मध्ये इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १८८९ मध्ये मुंबईत शारदासदन काढले, तेव्हा अमेरिकेतील हितचिंतकांनी दहा वर्षांच्या खर्चाची हमी दिली होती. ती मुदत सरत आली असतानाच, १८९६-९७ च्या दुष्काळात, बाईंनी मध्यप्रांतातून सुमारे तीनशे मुली व स्त्रिया आणल्या. गाठीचा पैसा मोजून नव्हे, निराश्रितांना देवाने दिलेल्या वचनावर भिस्त ठेवून. पण केडगावच्या मुक्तिसदनात कोणी स्वस्थ बसले नाही. विहिरी खणल्या, मळा पिकवला, मुली विणायला आणि छापखाना चालवायला शिकल्या.

१९२१ मध्ये एकुलती मुलगी मनोरमा गेली. तरी बायबलाच्या मराठी भाषांतराचे काम बाईंनी सोडले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले.

म्हणजे वचन मिळाले तरी दुःख टळत नाही. दुःखातही हातातले काम सुटत नाही, एवढे खरे. दिवाळीच्या सुट्टीत आईबरोबर प्रार्थना करून मी रोज कापूस वेचायला गेले. फी भरली. देवाने पुरवले की आम्ही मिळवले, हा प्रश्न आता मला पडत नाही.