परशाखेतून आलेले आचार्य

अर्थशास्त्राच्या पहिल्याच वर्गात अन्य शाखांचा विद्यार्थी आलेखांना बिचकतो. गणितात मुरलेल्याला आलेख सोपे जातात, पण त्यांच्यामागचा माणूस दिसत नाही. या दोघांनाही मागणीची लवचिकता आणि उपभोक्त्याचे संतोषाधिक्य या संज्ञा पाठ कराव्या लागतात. त्या रूढ करणारे आल्फ्रेड मार्शल स्वतःच परशाखेतून या शास्त्राकडे आले होते, याचे स्मरण मात्र क्वचितच करून दिले जाते.

मार्शल यांचा जन्म १८४२ साली लंडनमध्ये झाला. बँक ऑफ इंग्लंडमध्ये नोकरीस असलेल्या कर्मठ वडिलांची इच्छा मुलाने धर्मोपदेशक व्हावे अशी होती. मुलाने चुलत्यांकडून कर्जाऊ पैसे घेऊन केंब्रिज गाठले आणि १८६५ मध्ये गणिताच्या परीक्षेत दुसरा क्रमांक मिळविला. पुढे तत्त्वज्ञान व नीतिशास्त्र अभ्यासताना दारिद्र्य अटळ आहे काय, या प्रश्नाने त्यांना घेरले. सुटीत ते निरनिराळ्या शहरांतील दरिद्री वस्त्यांतून हिंडत आणि तेथील चेहरे न्याहाळीत. अर्थशास्त्राकडे ते वळले ते या वाटेने.

गणिताचे प्रभुत्व असूनही ‘प्रिन्सिपल्स ऑफ इकॉनॉमिक्स’ या १८९० च्या ग्रंथात त्यांनी आलेख तळटीपांत आणि समीकरणे परिशिष्टात ठेवली. व्यापारी व सामान्य सुशिक्षित यांनाही ग्रंथ वाचता यावा, ही त्यांची दृष्टी होती. मूल्य उत्पादनखर्चाने ठरते की उपयुक्ततेने, हा जुना वाद त्यांनी कात्रीच्या दृष्टान्ताने मिटविला. कागद वरच्या पात्याने कापला की खालच्या, हे विचारण्यात जसा अर्थ नाही, तसाच तो वाद व्यर्थ होय.

परंतु या लोकाभिमुखतेला एक काळी किनार आहे. मेरी पेली या न्यूनहॅमच्या पहिल्या पाच विद्यार्थिनींपैकी एक आणि मार्शल यांच्या शिष्या. १८७४ मध्ये त्या परीक्षेत उत्तीर्ण झाल्या, पण स्त्री म्हणून पदवीस मुकल्या. विद्यापीठाबाहेरील व्याख्यानवर्गांसाठी सोपे पाठ्यपुस्तक लिहिण्याचे काम त्यांच्याकडे आले होते. १८७७ च्या विवाहानंतर ते उभयतांचे झाले व १८७९ मध्ये ‘इकॉनॉमिक्स ऑफ इंडस्ट्री’ या नावाने प्रसिद्ध झाले. मार्शल यांना मात्र ते पुढे आवडेनासे झाले. अवघड विषय अतिसोपा करण्यात फसवणूक होते, अशी त्यांची धारणा बनली. १८९२ मध्ये त्यांनी केवळ स्वतःच्या नावाचे प्रवेशिकावजा पुस्तक काढले आणि पहिले बाजारातून नाहीसे होऊ दिले. १८९६ मध्ये तर स्त्रियांना केंब्रिजची पदवी देण्यास त्यांनी जाहीर विरोध केला.

१९०३ मध्ये त्यांच्या प्रयत्नांनी केंब्रिजमध्ये अर्थशास्त्राचा स्वतंत्र अभ्यासक्रम सुरू झाला. १९२४ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यानंतर मेरीबाईंनी त्यांच्या नावाच्या ग्रंथालयात सुमारे वीस वर्षे विनावेतन काम करून विद्यार्थ्यांच्या हाती पुस्तके दिली. १९४४ मध्ये त्या वारल्या आणि केंब्रिजने स्त्रियांना पदव्या दिल्या त्या १९४८ मध्ये.

नवागतासाठी शास्त्र सोपे करावे, पण खोटे करू नये, हा मार्शल यांचा आग्रह आजच्या शिक्षकानेही जपण्याजोगा आहे. त्या दारातून कोणाला आत घ्यावयाचे, या प्रश्नापुरते मात्र गुरूपेक्षा शिष्येचे आचरण अनुकरणीय ठरते.