ट्यूलिपचे कंद वाटणारा क्लूसियस

नोव्हेंबर उजाडला की बहारीनमधल्या आपल्या घरांचे सज्जे आणि गच्च्या पुन्हा जाग्या होतात. उन्हाळाभर सावलीत दडवलेल्या कुंड्या बाहेर निघतात, तुळशीला नवी माती मिळते, झेंडू-पिटुनियाची रोपे येतात. याच सुमारास दुकानांतून हॉलंडचे ट्यूलिपचे कंदही दिसू लागतात. पाकिटावरच्या चित्राला भुलून आम्हीही एकदा दहा कंद आणून लावले. पाने तेवढी आली, फुलाचा पत्ता नाही! मागाहून कळले की फुलण्याआधी या कंदाला तीनएक महिने चांगली थंडी सोसावी लागते आणि ती काही इथल्या हिवाळ्यात मिळायची नाही. फ्रीजमध्ये, पण फळांपासून दूर, आठ-दहा आठवडे ठेवून मग लावले तर फूल धरण्याची आशा असते.

या नादात ज्या माणसाची ओळख झाली, त्याचे नाव कारोलस क्लूसियस. थंड मुलखात शरद ऋतूत कंद पुरायचे आणि वसंतात फुलांची वाट पाहायची, ही आज युरोपात घरोघर चालणारी रीत रुजवणाऱ्यांत त्याचे नाव पहिले घ्यावे लागेल. आणि त्याचा आपल्याशीही एक धागा जुळतो. तो गोव्यातून जातो.

क्लूसियसचा जन्म १९ फेब्रुवारी १५२६ चा, अरास गावचा. हे गाव आज फ्रान्समध्ये आहे; तेव्हा ते स्पेनच्या अमलाखालच्या नेदरलँड्समध्ये होते. (बहारीन पोर्तुगिजांनी घेतले ते त्याच्या जन्माआधी पाचच वर्षे.) वडिलांच्या इच्छेखातर तो कायदा शिकला, पण मन रमले वनस्पतींत. फ्रान्समधील माँपेलिए येथे राँदले या नामांकित गुरूकडे त्याने धडे घेतले. डॉक्टरकी मात्र त्याने कधी केली नाही.

१५६४ साली एका धनिकाच्या मुलाला सोबत म्हणून तो स्पेन-पोर्तुगालच्या प्रवासाला निघाला. वाटेत घोड्यावरून पडून हात मोडून घेतला, तरी झाडे गोळा करणे थांबले नाही. याच प्रवासात त्याच्या हाती गोव्यात १५६३ साली छापलेले एक पुस्तक पडले. लेखक गार्सिया द ओर्ता.

ओर्ता म्हणजे गोव्यातला पोर्तुगीज वैद्य. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहावर त्याने उपचार केले होते. मुंबईचे बेट त्याच्याकडे खंडाने होते आणि तिथल्या त्याच्या बागेत वर्षातून दोनदा फळणारा आंबा होता. पटकीला आपल्याकडे मोडशी म्हणतात, हे त्याने नोंदवून ठेवले. बहारीनच्या मोत्यांचीही त्याला खबर होती. पण पुस्तक पोर्तुगीज भाषेत, तेही दोन माणसांच्या संवादांच्या रूपात; वाचणार किती जण? क्लूसियसने त्याचे सार लॅटिनमध्ये उतरवले आणि १५६७ मध्ये अँटवर्पच्या प्लांटिन छापखान्यातून प्रसिद्ध केले. दुसऱ्याच वर्षी ओर्ता वारला. तो मूळचा ज्यू घराण्यातला. पुढे १५८० मध्ये गोव्याच्या धर्मन्यायालयाने त्याची हाडे उकरून जाळली. मूळ पोर्तुगीज पुस्तक दुर्मीळ होऊन बसले. युरोपातले विद्वान आपल्या हिंग-मिऱ्याची, सुंठ-वेलदोड्यांची माहिती पुढे कितीतरी वर्षे क्लूसियसच्या लॅटिन पुस्तकातूनच घेत राहिले.

क्लूसियस स्वतः प्रॉटेस्टंट मताचा. धर्मछळाची झळ त्याच्या घराण्यालाही लागली होती. ना बायको, ना मुले, ना स्थिर घर. मालमत्ता म्हणावी तर कंद, बिया आणि मित्रांची पत्रे!

१५७३ मध्ये सम्राट दुसऱ्या मॅक्सिमिलियनने त्याला व्हिएन्नाच्या शाही बागेवर नेमले. तुर्कस्तानच्या सुलतानाकडे वकील म्हणून राहून आलेल्या ब्युस्बेक याने त्याला ट्यूलिपचे कंद आणि बिया दिल्या. ट्यूलिप तेव्हा इतके अनोळखी होते, की १५६२ मध्ये अँटवर्पच्या एका व्यापाऱ्याने कापडाच्या गठ्ठ्यांबरोबर आलेले कंद कांदे समजून निखाऱ्यावर भाजले आणि तेल-व्हिनेगर लावून खाल्ले. उरलेले त्याने कोबीच्या वाफ्यात पुरले. ही हकीकत आपल्यापर्यंत पोचली ती क्लूसियसमुळेच.

कंदाचे तंत्र त्याने वर्षानुवर्षे पाहून समजून घेतले. थंडी सुरू होता होता कंद त्याच्या उंचीच्या दोन-तीन पट खोल पुरायचा. जमीन पाणी धरून ठेवणारी नको, नाहीतर कुजतो. वर काही दिसत नसताना खाली मुळे धरतात. फूल येऊन पाने पिवळी पडली की कंद काढून सुकवायचा. बीपासून फूल हवे असेल तर पाच-सात वर्षे दम धरायचा. ट्यूलिपखेरीज आयरिस, पिओनी अशी वर्षानुवर्षे जगणारी झाडेही त्याने जोपासली. आल्प्सच्या उंचावर चढून तिथली रानफुले बागेत आणली. एक बारीक निरीक्षण सांगतो. पाकळ्यांवर ज्वाळांसारख्या रेघा उमटलेले ट्यूलिप सर्वांना हवेसे वाटत. क्लूसियसने मात्र पाहिले की असा कंद दिवसेंदिवस क्षीण होत जातो. त्या रेघा म्हणजे मावा किड्यांनी पसरवलेल्या विषाणूचा रोग, हे सिद्ध व्हायला १९२८ साल उजाडावे लागले.

१५७६ मध्ये मॅक्सिमिलियन वारला. नव्या सम्राटाच्या राज्यात क्लूसियसची नोकरी गेली. आणखी काही वर्षे तो व्हिएन्नात राहिला, मग फ्रँकफुर्टला गेला. एव्हाना पडून-झडून कंबर अधू झाली होती. अशा स्थितीत, सदुसष्टाव्या वर्षी, ऑक्टोबर १५९३ मध्ये तो हॉलंडमधील लायडनला येऊन पोचला. तिथल्या विद्यापीठाला औषधी बाग उभारायची होती. त्या वयात आपल्यापैकी कितीजण नव्या गावी नवी बाग लावायला निघतील?

सोबत आणलेले कंद त्याने त्याच शरदात पुरले. पुढल्या वसंतात, १५९४ मध्ये, ते फुलले आणि हॉलंडच्या ट्यूलिपचा इतिहास पुष्कळजण तिथूनच मोजतात. काही तुरळक कंद आधीही तिकडे पोचले होते, ही गोष्ट वेगळी. बागेत राबण्याचे काम डिर्क क्लाउट या डेल्फ्टच्या औषधविक्याने सांभाळले. सुमारे पस्तीस बाय चाळीस मीटरच्या तुकड्यात हजारांवर जातींची झाडे त्यांनी बसवली.

मग चोऱ्या सुरू झाल्या. रात्री येऊन लोक कंद उपटून नेत, एकदा नव्हे, अनेकदा. क्लूसियस फार महाग विकायचा म्हणून लोकांनी चोरी केली, अशी एक गोष्ट सांगतात. मला ती पटत नाही. देशोदेशींच्या मित्रांना तो आयुष्यभर पत्रांसोबत कंद पाठवत आला होता, फुकट. त्याला राग चोरीच्या तोट्याचा नव्हता. मागितले असते तर दिले असते, अशा माणसाकडून चोरून नेले, आणि नेणाऱ्याला त्या फुलाची कदर नसून पैशाची होती, हे त्याला लागले असावे.

४ एप्रिल १६०९ रोजी, त्र्याऐंशी वर्षांचा होऊन, तो लायडनलाच वारला. त्यानंतर तीस वर्षांच्या आतच हॉलंडात ट्यूलिपचा सट्टा चढला आणि फेब्रुवारी १६३७ मध्ये कोसळला. ते पाहायला तो नव्हता, हे बरेच झाले.

त्याच्या नावाचा एक लहानसा ट्यूलिप आहे, ट्यूलिपा क्लूसियाना. पांढऱ्या पाकळ्या, बाहेरून तांबूस पट्टा. इराण-अफगाणिस्तानपासून हिमालयाच्या पश्चिम भागापर्यंत तो रानात उगवतो आणि हॉलंडच्या भरघोस जातींपेक्षा त्याला थंडी कमी लागते. यंदा त्याचेच पाच कंद मागवले आहेत. सध्या ते फ्रीजमध्ये लोणच्याच्या बरणीशेजारी आहेत, आणि कांदे समजून कोणी फोडणीला घालू नयेत म्हणून पिशवीवर नाव लिहून ठेवले आहे.