तिसऱ्या नंबरचं यंत्र

सबमिशनच्या आदल्या रात्री आपण 'परफेक्ट' जर्नलच्या मागे लागतो आणि जर्नलच अर्धवट राहतं! अशा वेळी मला रडारवाले रॉबर्ट वॉटसन-वॉट आठवतात.

१३ एप्रिल १८९२ रोजी स्कॉटलंडमधल्या ब्रेचिन गावी त्यांचा जन्म झाला. वडील सुतारकाम करायचे. १९१२ साली डंडीहून रॉबर्ट इंजिनिअर झाले आणि १९१५ मध्ये हवामान खात्यात लागले. वैमानिकांना वादळाची सूचना वेळेत मिळावी म्हणून विजांचे रेडिओ सिग्नल पकडायचे, हे त्यांचं काम.

१९३५ च्या सुरुवातीला सरकारने विचारलं, रेडिओ लहरींनी शत्रूचं विमान निकामी करता येईल का? सहकारी अर्नोल्ड विल्किन्स यांनी गणित मांडलं. निकामी करणं अशक्य, पण शोधणं शक्य! २६ फेब्रुवारी १९३५ ला डॅव्हेंट्रीजवळ बीबीसीच्या लहरी हेफर्ड बॉम्बरवर आपटून परत आल्या आणि सुमारे १३ किलोमीटरपर्यंत विमानाचा पत्ता लागला.

किनाऱ्यावर 'चेन होम' केंद्रं उभारताना त्यांचं धोरण साधं होतं. सर्वोत्तम यंत्र कधीच तयार होत नाही, दुसऱ्या नंबरचं उशिरा येतं, म्हणून तिसऱ्या नंबरचं घ्यायचं आणि कामाला लागायचं. १९४० च्या हवाई युद्धात ह्याच केंद्रांनी ब्रिटनला सावध केलं. १९४२ साली ते 'सर' झाले.

पण तिसरा नंबर नेहमी पुरतो का? ६ सप्टेंबर १९३९ ला ब्रिटिश स्पिटफायरनी आपलीच दोन हरिकेन विमानं पाडली, एक वैमानिक गेला. विमान आहे हे कळत होतं, कोणाचं ते कळत नव्हतं. विमानानेच उत्तर देऊन ओळख सांगायची, ही सोय त्यामुळे किती गरजेची आहे ते पटलं. आजचं सेकंडरी रडार तिथूनच आलं.

५ डिसेंबर १९७३ ला वॉटसन-वॉट गेले. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी आपल्याकडे चरखी दादरीवर दोन विमानं धडकली, ३४९ माणसं गेली. कझाक विमान ठरलेल्या उंचीच्या खाली आलं होतं आणि दिल्लीच्या प्रायमरी रडारवर उंची दिसतच नव्हती.

म्हणून आज उलटीकडून सुरुवात करतात. दोन विमानांत ५ सागरी मैल अंतर राखायचं, तर जागेची चूक किती चालेल, माहिती किती सेकंदांनी हवी, हे आधी ठरतं, यंत्र नंतर. तिसऱ्या नंबरचं जरूर चालेल, पण सुरक्षिततेच्या रेघेच्या वरचं! जर्नलचं काय, ते री-सबमिट होतं. माणसं होत नाहीत.