बेबी मुमताज ते अनारकली: घर चालवणाऱ्या एका लेकीची गोष्ट

ईदच्या आधी हिंगोलीच्या बाजारात ‘अनारकली’ मागितला की दुकानदार लगेच घेरदार ड्रेस पुढे टाकतो. शाळेच्या गॅदरिंगमध्येही मुली तोच घालून नाचतात. हा पोशाख ज्या अभिनेत्रीमुळे घराघरात पोहोचला, ती मधुबाला कॅमेऱ्यासमोर आली तेव्हा वयाने या मुलींएवढीच होती. फरक एवढाच की तिच्या कामावर अख्ख्या घराची चूल पेटत होती.

मधुबालाचं खरं नाव मुमताज जहाँ बेगम देहलवी. जन्म १४ फेब्रुवारी १९३३, दिल्लीचा. अब्बा अताउल्लाह खान हे पठाण. तंबाखू कंपनीतली त्यांची नोकरी गेली आणि घरात खाणारी तोंडं मात्र बरीच. काम शोधत हे कुटुंब मुंबईला आलं. बॉम्बे टॉकीजच्या ‘बसंत’ (१९४२) मध्ये छोट्या मुमताजला काम मिळालं, तेव्हा ती नऊ वर्षांची होती. पडद्यावर नाव आलं बेबी मुमताज.

१४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या गोदीत मोठा स्फोट झाला. त्यात त्यांचं राहतं घर गेलं. त्याच वर्षी केदार शर्मांचा ‘मुमताज महल’ हा ऐतिहासिक चित्रपट आला आणि त्यातही ही पोर होती. मुघल काळाच्या कथेशी तिचं नातं असं लहानपणीच जुळलं. शाळेत जायचं मात्र राहून गेलं. पुढे इंग्रजी ती मोठेपणी, जिद्दीने शिकली. १९४७ मध्ये ‘नीलकमल’ आला आणि चौदाव्या वर्षीच ती राज कपूरची नायिका झाली. नंतर मधुबाला हे नाव कायमचं चिकटलं. ‘महल’ने (१९४९) तिला देशभर पोहोचवलं.

१९५४ मध्ये मद्रासला शूटिंग चालू असताना तिला रक्ताची उलटी झाली. हृदयाला जन्मापासून छिद्र होतं. त्या काळी आपल्याकडे त्यावर ऑपरेशनची सोय नव्हती. तरी ती काम करत राहिली.

के. आसिफ यांचा ‘मुघल-ए-आझम’ याच काळात तयार होत होता. पोशाख दिल्लीच्या दर्जींनी शिवले, भरतकाम सुरतच्या कारागिरांचं, जोडे आग्र्याचे, मुकुट कोल्हापूरचे आणि दागिने हैदराबादच्या सोनारांचे. आपली हिंगोली १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातच होती, म्हणजे हे दागिने एका अर्थाने आपल्याच राजधानीतून गेले. लहानपणीचा सलीम जलाल आगा या मुलाने साकारला. तो विनोदी नट आगा यांचा मुलगा. अनारकलीची कहाणी इतिहासात पक्की सापडत नाही, ती दंतकथाच समजली जाते. पण कैदखान्याच्या दृश्यातल्या साखळ्या मात्र खऱ्या लोखंडाच्या होत्या. आजारी मधुबालाने त्या अंगावर वागवल्या, कातडी सोलवटली, पण शॉट पूर्ण केले.

महाराष्ट्र राज्य झाल्यावर तीनच महिन्यांनी, ५ ऑगस्ट १९६० ला, मुंबईच्या मराठा मंदिरमध्ये हा चित्रपट लागला. त्याच वर्षी तिचं किशोरकुमारशी लग्न झालं. त्यानंतरची बरीच वर्षं अंथरुणावरच गेली. २३ फेब्रुवारी १९६९ ला, छत्तीस वर्षांची असताना, तिचा इंतकाल झाला. जुहूच्या कब्रस्तानात तिला दफन केलं. २००८ मध्ये टपाल खात्याने तिच्यावर तिकीट काढलं.

अब्बांना दोष देणं सोपं आहे. पण नोकरी गेलेल्या, घर जळालेल्या माणसापुढे दुसरी वाट कोणती होती, हेही बघायला हवं. तेव्हा पोराच्या कामाचे तास मोजणारं कुणी नव्हतं, कमाईतला वाटा त्याच्या नावावर ठेवायचा नियमही नव्हता.

आज तो आहे. बालमजुरी कायद्याच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे चित्रपटात किंवा मालिकेत लहान मुलाला घ्यायचं तर निर्मात्याला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग तीन तासांनंतर विश्रांती हवीच. सलग २७ दिवसांपेक्षा जास्त काम चालत नाही, आणि शिक्षण बुडता कामा नये. कमाईचा किमान २० टक्के भाग मुलाच्या नावाने राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत टाकावा लागतो.

ऐतिहासिक मालिकांना छोटे शहजादे, छोटे मावळे सतत लागतात. हिंगोली, वसमत, कळमनुरीच्या पोरांचे व्हिडिओही आता मोबाईलवरून ऑडिशनला जातात. आपलं लेकरू निवडलं गेलं तर खुशाल आनंद करा, मोहल्ल्यात मिठाई वाटा. पण सही करण्याआधी तीन गोष्टी विचारून घ्या: काम किती तास, शाळेचं काय, आणि पैसे कुणाच्या खात्यात?