विश्लेषण : मताच्या हक्कासाठी डॉ. आंबेडकर कसे लढले? सोलापूरचा वाटा काय?

मतदार यादीत नाव असणे आज साधी बाब वाटते. मात्र प्रत्येक प्रौढाला मत मिळावे यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर तीन दशके झगडले. त्यात सोलापूरची साथ मोलाची ठरली.

मागणी कधीपासून?

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेल्या आंबेडकरांनी जानेवारी १९१९ मध्ये मुंबईत साउथबरो समितीपुढे साक्ष दिली. तेव्हा मताचा हक्क मुख्यतः मालमत्तेवर ठरत असे. अस्पृश्यतेमुळे ज्यांच्याकडे मालमत्ताच नव्हती, त्यांच्यासाठी ही अट शिथिल करा, असे त्यांचे म्हणणे होते. १९२८ मध्ये सायमन कमिशनपुढे त्यांनी थेट प्रौढ मताधिकार मागितला.

मोर्चाशी मताचा संबंध काय?

महाडचे चवदार तळे नगरपालिकेने १९२४ मध्येच सर्वांना खुले केले होते, पण कागदावर. २० मार्च १९२७ रोजी आंबेडकर हजारोंसह तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्यानंतर मोर्चेकऱ्यांवर हल्ला झाला. ठराव पाळला जायचा तर सत्तेतही वाटा हवा, हे महाडने दाखवले.

सोलापूर कुठे येते?

आंबेडकरांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ मध्ये सोलापुरात विद्यार्थी वसतिगृह सुरू केले. त्याची व्यवस्था पाहणारे जिवाप्पा ऐदाळे १९३७ मध्ये स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मुंबई विधानसभेवर निवडून गेले. तेव्हाही मत मोजक्यांनाच होते.

१९५२ मध्ये काय घडले?

राज्यघटनेच्या अनुच्छेद ३२६ ने २१ वर्षांवरील सर्वांना मत दिले. पहिल्या लोकसभा निवडणुकीत सुमारे १७ कोटी मतदार होते. मुंबईत खुद्द आंबेडकर काँग्रेसच्या नारायण काजरोळकरांकडून हरले. द्विसदस्यीय सोलापूर मतदारसंघातून मात्र त्यांच्या शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचे पां. ना. राजभोज राखीव जागेवर जिंकले. या पक्षाचे लोकसभेत दोनच खासदार होते. त्यांतला एक सोलापूरचा.

महत्त्व काय?

अमेरिकेत कृष्णवर्णीयांना मतासाठी मार्च १९६५ मध्ये सेल्मात लाठ्या खाव्या लागल्या. मताधिकार कायदा त्याच वर्षी ऑगस्टमध्ये झाला. भारतात तो हक्क १५ वर्षे आधीच घटनेत आला होता. आंबेडकर १९५४ मध्ये भंडाऱ्याची पोटनिवडणूकही हरले आणि ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे निधन झाले. लोकसभेवर ते कधीच निवडून आले नाहीत. त्यांनी मागितलेले मत मात्र कोट्यवधींच्या हाती राहिले.