पाद्री असूनही त्यांनी सांगितलं, हा चमत्कार नाही : हिप्नॉटिझमचं कोडं सोडवणारे गोव्याचे आबे फारिया

पणजीत मांडवीच्या काठाने चालत निघालात की जुन्या सचिवालयाशेजारी एक पुतळा दिसतो. लांब झगा घातलेला एक माणूस दोन्ही हात पुढे करून उभा आहे आणि त्याच्यासमोर एक बाई मागे कोसळतेय. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, हा कुणी मांत्रिक असावा, नाहीतर भूत उतरवणारा पाद्री. लोक सेल्फी काढतात आणि पुढे कसिनोच्या बोटी बघायला जातात.

पाद्री हा अंदाज बरोबर आहे. भूत उतरवण्याचा अंदाज मात्र साफ चुकलेला आहे. कारण या माणसाने उलटंच सांगितलं होतं. समोरच्याला जे होतंय त्यात भूत नाही, सैतान नाही आणि आपल्या हातातही कसली शक्ती नाही. जे आहे ते त्या माणसाच्या स्वतःच्या मनात आहे.

हे त्यांनी सांगितलं 1813 साली, पॅरिसमध्ये. तेव्हा फ्रॉइडचा जन्मही व्हायचा होता आणि हिप्नॉटिझम हा शब्दही कुणी वापरत नव्हतं.

त्यांचं नाव जुझे कुस्तोदियो द फारिया. फ्रेंच लोक पाद्रीला आबे म्हणतात, म्हणून जगभर ते आबे फारिया झाले.

बाप पाद्री, आई नन, मुलगाही पाद्री

फारियांचा जन्म मे 1756 मधला, बार्देशातल्या कांदोळीचा. वडील कायतान व्हितोरिनो हे कोलवाळचे. ते पाद्री होण्यासाठी शिकत होते, पण शिक्षण अर्धवट सोडून त्यांनी रोझा मारिया द सोझा यांच्याशी लग्न केलं. संसार काही टिकला नाही. चर्चची परवानगी घेऊन दोघं वेगळे झाले. वडिलांनी राहिलेलं शिक्षण पूर्ण करून पाद्रीची दीक्षा घेतली. आईने जुन्या गोव्यातल्या सांता मोनिका मठात प्रवेश घेतला आणि पुढे त्या तिथल्या प्रमुखही झाल्या.

वडील महत्त्वाकांक्षी होते. फेब्रुवारी 1771 मध्ये ते मुलाला घेऊन जहाजात बसले. लिस्बनला पोचायला नोव्हेंबर उजाडला. तिथे त्यांनी पोर्तुगालच्या राजापर्यंत वशिला लावला आणि बापलेक दोघंही शिकायला रोमला गेले. 1780 मध्ये जुझे कुस्तोदियो रोममध्ये पाद्री झाले आणि धर्मशास्त्रातले डॉक्टरही झाले. त्यांनी आपला एक प्रबंध पोर्तुगालच्या राणीला अर्पण केला, तर दुसरा थेट पोप सहावे पायस यांना.

गोव्यातल्या एका पोराने पंचविशीच्या आत इतकी मजल मारली होती. पुढची वाट सरळ दिसत होती.

भाजीची गोष्ट

फारियांची सगळ्यात प्रसिद्ध गोष्ट याच काळातली. गोव्यात ती पिढ्यानपिढ्या सांगितली जाते.

लिस्बनला परतल्यावर राणीच्या चॅपलमध्ये त्यांना प्रवचनासाठी बोलावलं. समोर सगळा दरबार बसलेला. फारिया व्यासपीठावर चढले आणि त्यांची जीभच टाळ्याला चिकटली. एक शब्द फुटेना. वडील जवळच बसले होते. त्यांनी हळूच कोंकणीत सांगितलं की समोर बसलीय ती सगळी भाजी आहे, काप ती भाजी. क्षणात भीती गेली आणि फारिया धडाधड बोलायला लागले.

आजच्या भाषेत बोलायचं तर तो पॅनिक अटॅक होता आणि वडिलांनी दोन शब्दांत तो मोडला. समोरचा दरबार तोच, राणी तीच. बदललं होतं ते फक्त डोक्यातलं चित्र. बाहेरून आलेली एक सूचना माणसाचं शरीर कशी बदलते, या प्रश्नाने फारियांना तिथूनच गाठलं असं मानलं जातं. गोष्टीत मीठमसाला किती हे सोडा, पण त्यांनी पुढे हाच प्रश्न धरला एवढं नक्की.

राजद्रोहाची सावली

1787 मध्ये गोव्यात पिंटोंचं बंड उघडकीला आलं. गोऱ्यांना मोठ्या जागा आणि गोव्याच्या पाद्रींना दुय्यम वागणूक, याचा राग त्यामागे होता. कांदोळीचं पिंटो घराणं त्यात होतं आणि अनेक पाद्रीही होते. कित्येकांना अटक झाली, काहींना पणजीत मृत्युदंड देण्यात आला. या कटाशी संबंध असल्याचा संशय लिस्बनमध्ये फारियांच्या वडिलांवरही आला.

1788 मध्ये फारिया फ्रान्सला निघून गेले. पुढच्याच वर्षी तिथे क्रांतीचा भडका उडाला. 1795 मध्ये पॅरिसमध्ये सरकारविरुद्ध जो उठाव झाला त्यात पाद्रीबुवा एका तुकडीचं नेतृत्व करत होते. नंतर ते दक्षिण फ्रान्समध्ये तत्त्वज्ञान शिकवायला लागले आणि मार्सेच्या वैद्यकीय संस्थेने त्यांना सदस्य करून घेतलं.

पॅरिसला वेड लावणारं चुंबक

फारियांनी काय केलं हे कळायला आधी मेस्मर समजून घ्यावा लागतो.

फ्रान्झ मेस्मर हा व्हिएन्नाचा डॉक्टर 1778 मध्ये पॅरिसला आला. त्याचं म्हणणं होतं की सगळ्या सृष्टीत एक अदृश्य चुंबकीय द्रव वाहतो आणि तो अडला की माणूस आजारी पडतो. आपण हात फिरवून तो द्रव मोकळा करतो, असा त्याचा दावा होता. लोक थरथरायचे, किंचाळायचे, बेशुद्ध पडायचे आणि काहींना खरंच बरं वाटायचं.

1784 मध्ये राजाने चौकशी समिती नेमली. त्यात अमेरिकेचे बेंजामिन फ्रँकलिनही होते. समितीने प्रयोग करून पाहिले आणि निकाल दिला की असा कुठलाही द्रव नाही, हा सगळा कल्पनेचा खेळ आहे. मेस्मरची हवा गेली.

त्याच वर्षी मेस्मरचा शिष्य मार्की द प्युसेगूर याला आढळलं की काही माणसं या उपचारात शांत झोपल्यासारखी होतात, पण बोलतात, उत्तरं देतात. मात्र प्युसेगूरही हे चुंबकामुळेच होतं असं धरून चालला.

म्हणजे एका बाजूला द्रव मानणारे होते. दुसऱ्या बाजूला विद्वान होते, जे कल्पनेचा खेळ म्हणून फाइल बंद करून मोकळे झाले होते. कल्पनेने जर माणसाचं दुखणं थांबत असेल, तर ही कल्पना नेमकं करते तरी काय, हा प्रश्न तसाच पडून होता.

तो उचलला फारियांनी.

पाच फ्रँक आणि एक शब्द

11 ऑगस्ट 1813. पॅरिसच्या क्लिशी रस्त्यावर फारियांची व्याख्यानं सुरू झाली. प्रवेश फी पाच फ्रँक. सावळा रंग, उंच बांधा आणि परक्या उच्चारातलं फ्रेंच. बघायला गर्दी लोटली.

पद्धत अगदी साधी होती. समोरच्याला आरामखुर्चीत बसवायचं, डोळे मिटून फक्त झोपेचा विचार करायला सांगायचं. शांतता झाली की ठाम आवाजात झोपण्याचा हुकूम द्यायचा. जमलं नाही तर आपल्या उघड्या तळहाताकडे एकटक बघायला लावायचं. चुंबक नाही, मंत्र नाही.

या अवस्थेला त्यांनी सजग झोप असं नाव दिलं. माणूस झोपलेला, पण आतून जागा. या अवस्थेत पाणी दिलं आणि दारू आहे असं सांगितलं तरी माणसाला ते चढू शकतं, हे त्यांच्या लक्षात आलं. झोपेत दिलेली सूचना जाग आल्यावरही काम करते, हेही त्यांनी नोंदवलं. सगळेच लोक असे झोपत नाहीत आणि ज्याची इच्छा नाही त्याला जबरदस्तीने झोपवता येत नाही, हेही त्यांनी सांगून टाकलं.

त्यांचं सगळंच बरोबर होतं असं नाही. ज्याचं रक्त पातळ तो लवकर झोपतो, असंही त्यांना वाटायचं. पुढे ते टिकलं नाही. पण झोपवणाऱ्यात काही शक्ती नसते आणि सगळं झोपणाऱ्याच्या मनात घडतं, हा त्यांचा मुद्दा टिकला.

विचार करा, हे बोलणारा माणूस पाद्री होता. लोक त्यांच्याकडे दैवी पुरुष म्हणून बघायला तयार होते. नुसतं गप्प बसले असते तरी मठ उभा राहिला असता. त्यांनी मात्र येणाऱ्याला सांगितलं की ताकद तुमचीच आहे.

तिन्ही बाजूंनी मार

चुंबकवाले चिडले, कारण त्यांचा द्रवच फारियांनी खोटा ठरवला. चर्चमधले काही जण चिडले, कारण त्यांना यात सैतानाचा हात दिसत होता. आणि पॅरिसच्या लोकांना टिंगल करायला गिऱ्हाईक मिळालं.

एकदा एक नट त्यांच्या प्रयोगाला आला. झोपल्याचं नाटक केलं आणि भर सभेत डोळे उघडून फारियांची फजिती केली. 1816 मध्ये तर त्यांच्यावर विडंबन नाटकच रंगमंचावर आलं. लोक पोट धरून हसले आणि व्याख्यानांची गर्दी ओसरली.

शेवटची वर्षं फारियांनी एका मठात चॅपलेन म्हणून काढली आणि तिथेच पुस्तक लिहायला घेतलं. सजग झोपेचं कारण काय, हा त्याचा विषय. सैतानाचा आरोप करणाऱ्यांना त्यांनी त्यात धर्मशास्त्राचा डॉक्टर म्हणूनच उत्तर दिलं. मन देवाने दिलंय, पण ते चालतं निसर्गाच्या नियमांनी, त्यामुळे त्याचा अभ्यास हा काही देवाचा अपमान नाही, असा त्यांच्या मांडणीचा रोख होता. त्यांनी धर्मही सोडला नाही आणि प्रयोगांवरचा विश्वासही सोडला नाही.

पुस्तकाचे चार भाग ठरले होते. त्यातला पहिलाच छापून झाला. 20 सप्टेंबर 1819 रोजी फारिया पॅरिसमध्ये वारले. त्यांच्या थडग्यावर साधं नावही राहिलं नाही.

मग त्यांचं ऐकलं कुणी?

फारियांचे प्रयोग पाहिलेल्यांमध्ये नोआझे नावाचा एक लष्करी अधिकारी होता. त्याने हा विचार पुढे नेला. तिथून तो फ्रान्समधल्या नान्सी शहरातले डॉक्टर लिएबो आणि बर्नहाइम यांच्यापर्यंत पोचला. सूचनेचा वापर करून रुग्ण बरे करणारे डॉक्टर म्हणून हे दोघं गाजले. 1889 मध्ये बर्नहाइमची पद्धत बघायला व्हिएन्नाहून एक तरुण डॉक्टर आला. त्याचं नाव सिग्मंड फ्रॉइड. बोलून मनाचे आजार बरे करण्याची जी वाट पुढे जगभर रुळली, तिच्या सुरुवातीच्या टप्प्यावर कांदोळीचा हा पाद्री उभा आहे.

मधल्या काळात अलेक्झांडर द्यूमा यांनी द काउंट ऑफ मॉन्टे क्रिस्टो कादंबरीतल्या म्हाताऱ्या कैद्याला आबे फारिया हे नाव दिलं. जगाला तोच फारिया जास्त माहीत झाला. खऱ्या फारियांना वर काढलं ते गोव्याचेच डॉक्टर दालगादो यांनी. 1906 मध्ये त्यांनी फारियांचं पुस्तक पुन्हा छापलं आणि चरित्रही लिहिलं. 1925 मध्ये पोर्तुगालचे एगास मोनिझ यांनी फारियांवर ग्रंथ लिहिला. या मोनिझना पुढे वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. 1945 मध्ये रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडवलेला पणजीतला पुतळा उभा राहिला. आल्तिन्यावरच्या मानसिक रुग्णालयालाही त्यांचंच नाव होतं. बांबोळीची आजची मानसोपचार संस्था त्यातूनच वाढली.

आणि चर्च? 1953 मध्ये पोप बारावे पायस यांनी मानसोपचारतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेसमोर भाषण केलं. 1957 मध्ये त्यांनी डॉक्टरांनी उपचारासाठी, योग्य काळजी घेऊन केलेल्या हिप्नॉटिझमला हरकत नसल्याचं स्पष्ट केलं. फारियांना जाऊन तेव्हा 138 वर्षं झाली होती.

फारियांचा प्रश्न मात्र अजून घराघरात आहे. अंधेरी-बोरिवलीहून दर बुधवारी माहीमच्या नोव्हेनाला जाणारं कुटुंब असो नाहीतर मंगळवारी सिद्धिविनायकाच्या रांगेत उभं राहणारं, घरात कुणाला रात्र रात्र झोप लागेना झाली, विनाकारण रडू यायला लागलं की पहिली धाव देवाकडे जाते. तज्ज्ञाकडे गेलो तर आपली श्रद्धा कमी पडली असं होईल, ही भीती अनेकांना थांबवते.

फारिया रोज मिस्सा म्हणण्याची दीक्षा घेतलेले पाद्री होते आणि तरीही मनाच्या दुखण्याचं कारण त्यांनी मनातच शोधलं. त्यांना यात एकाची निवड करून दुसऱ्याला सोडावं लागलं नाही. नोव्हेनाहून परत येताना डॉक्टरची अपॉइंटमेंट घ्यायला आपल्यालाही हरकत नसावी.